टवके, ओघळ, गंज, चिखल: मिनिएचर लढून आल्यासारखं रंगवायचं तर क्रम पाळा

बऱ्याच जणांची मिनिएचर, म्हणजे सैनिक-रणगाड्यांची छोटी मॉडेल्स, बघितली की एकच गोष्ट दिसते. ब्रशवर हात चांगला बसलेला असतो, रंग नीट लागलेले असतात, आणि शेवटी वेदरिंग (वापराच्या, झिजेच्या खुणा रंगवणं) म्हणून जे काही केलंय त्यानेच सगळा घोळ झालेला असतो. रणगाडा लढाईतून आलाय असं वाटतच नाही, गटारातून उपसून काढलाय असं वाटतं. यात हाताचा दोष फार कमी वेळा असतो, क्रम चुकलेला असतो. आधी हौसेने चिखल, मग त्या चिखलावर टवके, मग सगळ्यावर एक काळा वॉश (खूप पातळ केलेला रंग), मग काहीतरी बिनसलंय म्हणून घाबरून मॅट (बिनचमकीचं) वार्निश, आणि मग त्या वार्निशखाली पिगमेंट, म्हणजे रंगाची पूड, गायब. मी पहिले दोन रणगाडे असेच घालवलेत.

खऱ्या वस्तूवर जे आधी झालं असेल ते आधी रंगवायचं, एवढंच धरून चालायचं. उन्हाने रंग विटतो, मग घासून आणि आपटून टवके उडतात, उघड्या पडलेल्या लोखंडाला गंज धरतो, पावसाने गंज आणि मळ खाली ओघळतो, आणि सगळ्यात वर असते कालची धूळ आणि आजचा ओला चिखल. पुढचे टप्पे साधारण याच क्रमाने आहेत, फक्त विटणं आणि ओघळ ऑइल पेंटने एकाच बैठकीत होतात म्हणून ते टवक्यांनंतर आणि गंजाच्या आधी घेतलेत.

आधी सगळं एकदा वाचून घ्या आणि मगच ब्रश हातात घ्या, कारण हेअरस्प्रेची पद्धत (टप्पा ३) वापरायची की नाही हे बेसकोटच्या, म्हणजे मूळ रंगाच्या थराच्या, आधी ठरवावं लागतं आणि लोकांना ते नेहमी बेसकोट वाळल्यावर आठवतं.

## १. रंगाआधी पाच मिनिटं विचार

मॉडेल हातात घ्या आणि स्वतःला तीन गोष्टी विचारा. ही वस्तू कशाची बनलीय, ती कुठे वापरली गेली, आणि माणसाचा हात-पाय तिला कुठे कुठे लागतो.

कशाची बनलीय हे सगळ्यात जास्त लोक विसरतात. लोखंड गंजतं, अॅल्युमिनियम गंजत नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानाच्या पंखावर केशरी गंजाचे ओघळ काढलेले मी बघितलेत, काम सुंदर होतं पण पंख अॅल्युमिनियमचा, तिथे टवका उडाला तर खालून चंदेरी धातू दिसणार किंवा प्रायमर दिसणार. पितळ-कांस्य हिरवं पडतं. लाकडाचा रंग गेला की ते राखाडी होतं, तपकिरी नाही. रबर फक्त मळतं आणि फाटतं, त्यामुळे रणगाड्याच्या चाकांवरच्या रबरी कडांना गंज लावायचा नाही, मग गाडी कितीही जुनी दाखवायची असो.

आणि प्रायमरही लक्षात ठेवा. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन रणगाड्यांना रंगाखाली तांबूस रेड ऑक्साइड प्रायमर असायचा आणि १९४३ च्या फेब्रुवारीपासून त्यावर गडद पिवळा बेस रंग यायला लागला, म्हणजे वरवरचा ओरखडा असेल तर तांबूस दिसेल आणि खोल गेला तरच लोखंड. साय-फाय किंवा फँटसी मॉडेल असेल तर नियम तुमचेच, पण एकदा ठरवलं की सगळ्या तुकडीला तेच लावा. एकाचा टवका चंदेरी, दुसऱ्याचा तपकिरी, तिसऱ्याचा काळा असं झालं की तुकडी एका सैन्यातली वाटत नाही.

तिसरा प्रश्न हात-पायांचा. हॅचची (आत उतरायच्या झाकणाची) कड, चढायची पायरी, मडगार्डचा पुढचा कोपरा, हत्यारं अडकवायच्या पट्ट्या, चिलखतवाल्या सैनिकाचे गुडघे, नडग्या, बोटांचे सांधे, ढालीची खालची कड, तलवारीच्या म्यानाचं टोक, झीज होते ती इथे. टरेटच्या (तोफेच्या फिरत्या बुरुजाच्या) बाजूचा सपाट मधला भाग कोणी तुडवत नाही, तो जवळजवळ कोरा राहिला पाहिजे. मोबाईलवर मॉडेलचा फोटो काढून त्यावर बोटाने लाल खुणा करून ठेवल्या तर पुढे फार उपयोग होतो, कारण स्पंज हातात आला की माणूस थांबत नाही.

## २. धुणं, घासणं, प्रायमर

इथे फार बोलण्यासारखं नाही पण टाळण्यासारखंही नाही. रेझिनच्या मॉडेलवर साचातून काढायचं तेलकट द्रव्य राहिलेलं असतं, कोमट पाण्यात भांड्यांचा साबण टाकून जुन्या टूथब्रशने घासा आणि पूर्ण वाळू द्या. साच्याच्या रेषा ब्लेडच्या पाठीने खरवडून काढा. वेदरिंगमध्ये त्या लपतील असं वाटत असेल तर उलट होतं, वॉश नेमका त्या रेषेला जाऊन बसतो आणि ती ओरडून सांगते की मी इथे आहे.

स्प्रे प्रायमर असेल तर कॅन दोन मिनिटं हलवा, २० ते ३० सेंटीमीटर लांब धरा, फवारा मॉडेलच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवा, आणि एका जाड थराऐवजी दोन-तीन पातळ थर द्या. पुढे या मॉडेलवर पाणी, स्पिरिट, घासाघासी सगळं होणार आहे, त्यामुळे हा पाया कच्चा राहिला तर टवके आपल्याला पाहिजे तिथे नाही, त्याला पाहिजे तिथे उडतील.

तपासा: २४ तासांनी नखाने एका लपलेल्या कोपऱ्यात हलकं खरवडून बघा. प्रायमर निघाला तर पुढे जाऊ नका.

## ३. हेअरस्प्रे (करायचा असेल तर आत्ताच)

ही पद्धत मोठ्या पृष्ठभागांसाठी आहे, जिथे रंगाचे पोपडे निघालेत किंवा हिवाळ्यात वरून फासलेला पांढरा छद्मरंग (कॅमोफ्लाज) झिजलाय असं दाखवायचंय. २८ मिलिमीटरच्या पायदळाला हिची गरज नाही, तिथे स्पंज पुरतो, सरळ पुढच्या टप्प्यावर जा.

क्रम असा. जो रंग खालून दिसायला हवा तो आधी लावा, म्हणजे गंजाचा तपकिरी किंवा प्रायमरचा तांबूस किंवा पांढऱ्या छद्मरंगाखालचा हिरवा. तो वाळला की त्याला सॅटिन (अर्धवट चमकीचं) किंवा ग्लॉस (चकचकीत) वार्निश मारा, याला सुट्टी नाही, नाहीतर पुढे घासताना हा थरही निघून खालचा प्रायमर वर येईल. वार्निश वाळल्यावर साधा हेअरस्प्रे किंवा तयार चिपिंग मीडियमचे दोन हलके थर. दहा-पंधरा मिनिटांत ते वाळतं. मग वरचा रंग, अॅक्रिलिकच, आणि पातळ. एअरब्रश असेल तर उत्तम, हाताच्या ब्रशने करताना एकाच जागी दोनदा ब्रश फिरवला की खालचा हेअरस्प्रे विरघळून सगळा चिकचिकाट होतो, तेव्हा एकदा ओढा आणि सोडून द्या.

वरचा रंग हाताला कोरडा लागला की साधारण अर्ध्या तासात कामाला लागा. कोमट पाणी ब्रशने एका छोट्या भागावर लावा, मिनिटभर थांबा, मग केस छाटून आखूड केलेला जुना कडक ब्रश घेऊन हलक्या हाताने टोचत टोचत घासा. सुरुवातीला काहीच होत नाही. मग एक बारीक टवका निघतो, आणि त्यानंतर भराभर. त्या पहिल्या टवक्याला ब्रशचा दाब कमी करायचा, वाढवायचा नाही.

सावधान: सगळे अॅक्रिलिक सारखे तुटत नाहीत. टामियाचे अॅक्रिलिक पाण्याने पातळ केले तर छान बारीक तुटतात, वायेहोसारखे रबरी पोत असलेले रंग कधी कधी सालीसारखे एका तुकड्यात सोलून येतात. आणि लॅकर थिनरने पातळ केलेला रंग हेअरस्प्रेमधून खाली शिरून पक्का बसतो, मग घासत बसा रात्रभर. आधी टाकाऊ प्लास्टिकवर करून बघा.

मनासारखं झालं की पूर्ण वाळवा आणि लगेच वार्निश मारा. तोपर्यंत ओला हातसुद्धा लावू नका.

## ४. बेसकोट: मनातल्यापेक्षा फिका

पुढे जे जे करणार त्यातलं जवळजवळ प्रत्येक काम मॉडेलला गडद करतं. वॉश गडद करतो, ओघळ गडद करतात, आणि टवक्यांचा रंगही गडदच असतो. म्हणून बेस रंग शेवटी हवाय त्यापेक्षा एक-दोन छटा फिका ठेवा. ऑलिव्ह हिरव्यात थोडा पिवळट किंवा मळकट पांढरा मिसळा, वरच्या सपाट भागांवर अजून थोडा. नुसता पांढरा घातला तर हिरवा खडूसारखा होतो, आणि लालात पांढरा घातला तर सरळ गुलाबी, त्यामुळे लाल फिका करायला केशरी किंवा त्वचेचा रंग घ्या.

या टप्प्यावर मॉडेल खेळण्यासारखं, भडक दिसलं पाहिजे. दिसत असेल तर बरोबर चाललंय.

## ५. टवके: सगळा खेळ इथे आहे

आधी प्रमाण समजून घ्या. २८ मिलिमीटरचं मॉडेल साधारण १/५६ स्केलला धरतात. त्यावर १ मिलिमीटरचा टवका काढला म्हणजे खऱ्या गाडीवर साडेपाच सेंटीमीटरहून मोठा रंग उडालाय. असे शंभर टवके टरेटवर असतील तर त्या गाडीला कोणीतरी हातोडीने बडवलेलं असणार. म्हणून बहुतेक टवके टाचणीच्या टोकाएवढे, आणि मोठे दोन-चारच.

स्पंज म्हणजे पॅकिंगमध्ये येतो तो फोमचा तुकडा. कात्रीने कापू नका, बोटांनी फाडा, म्हणजे कड वेडीवाकडी होते, आणि टवकेही तसेच वेडेवाकडे पडतात. चिमट्यात धरा. रंग गडद तपकिरी, जवळजवळ काळपट, जसा वायेहोचा जर्मन कॅमोफ्लाज ब्लॅक ब्राऊन किंवा सिटाडेलचा र्‍हायनॉक्स हाइड. शुद्ध काळा नको, त्याची भोकं दिसतात, टवके नाही.

आता स्पंज रंगात टेकवा आणि कागदावर टेकवत राहा. पहिल्यांदा डबडबीत डाग येईल. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा डागाच्या जागी ठिपके. पाचव्या-सहाव्यांदा कागदावर जेमतेम काही उमटेल आणि तुम्हाला वाटेल की रंग संपला, परत बुडवावा. नाही, तीच वेळ आहे मॉडेलवर जायची. कडेला हलकं टेकवा, स्पंज फिरवा, परत टेकवा. दर वेळी स्पंज थोडा फिरवला नाही तर तोच नक्षीचा ठसा रांगेत उमटतो, आणि ते डोळ्याला लगेच खटकतं.

स्पंजने पाया घातला की मग बारीक ब्रश. इथे दोन थरांची युक्ती आहे जिच्यामुळे टवका खोल वाटतो. आधी बेस रंगच बराच फिका करून त्याने बारीक ओरखडे आणि ठिपके काढा, हे फक्त वरचा रंग खरवडल्याचे ओरखडे. मग त्यातल्या काहींच्या, सगळ्यांच्या नाही, पोटात गडद तपकिरी भरा, अशा बेताने की खालच्या बाजूला फिक्या रंगाची केसाएवढी रेघ उरेल. प्रकाश वरून येतो, उडालेल्या रंगाच्या खालच्या कडेवर तो पडतो, आणि त्या केसाएवढ्या रेघेने सपाट ठिपक्याचा खड्डा होतो. दहा सेंटीमीटरवरून बघा, मग हात लांब करून बघा, दोन्हीकडून पटतं.

चंदेरी रंग प्रत्येक टवक्यात भरायचा मोह होतो. आवरा. चकचकीत धातू फक्त तिथे जिथे रोज घासलं जातं, म्हणजे हॅचच्या कडा, बिजागऱ्या, बंदुकीच्या मुठीजवळ, तलवारीची धार. बाकी ठिकाणी उघडं लोखंड काळपट पडलेलं असतं.

तपासा: मॉडेल ठेवून उठा, दहा मिनिटांनी परत या. नजर पहिल्यांदा टवक्यांवर गेली तर जास्त झालेत, बेस रंग घेऊन निम्मे झाकून टाका, यात कमीपणा नाही. चेहरा किंवा टरेटवर गेली आणि टवके नंतर दिसले तर थांबा.

## ६. ग्लॉस वार्निश, जे लोक गाळतात

टवके झाले, डेकल्स (चिकटवायची चिन्हं-आकडे) लावायची असतील तर त्याआधी एक ग्लॉसचा थर आणि डेकल्सनंतर परत एक. डेकल्स नसतील तर एकच. "शेवटी मॅट मारायचंय मग आता ग्लॉस कशाला" हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलाय. कारण असं की मॅट पृष्ठभाग सूक्ष्म पातळीवर खडबडीत असतो, वॉश त्यात जिथे पडला तिथेच मुरतो आणि कडेला पाणी सुकल्यासारखे गोल डाग सोडतो. ग्लॉसवर तोच वॉश घसरत जाऊन खाचेत बसतो, आणि चुकला तर पुसता येतो. शिवाय हा थर म्हणजे तुमची परतीची वाट आहे, याच्यावर काहीही बिघडलं तरी खालचे टवके शाबूत राहतात.

२४ तास वाळू द्या. घाई केली तर व्हाइट स्पिरिट (पुढे ऑइल पेंट पातळ करायला वापरायचं द्रव) कच्च्या अॅक्रिलिकला घासून उचलतं.

## ७. खाचांमधला वॉश

सगळ्या मॉडेलवर वॉश ओतायचा नाही. पायदळाला चालतं, तिथे कपड्यांच्या चुण्या असतात, पण मोठ्या सपाट गाडीला नाही.

ऑइल पेंट घ्या, बर्न्ट अंबर आणि त्यात जरासा काळा. ट्यूबमधून काढून पुठ्ठ्यावर अर्धा-एक तास ठेवा, त्यातलं जवसाचं तेल पुठ्ठा शोषून घेतो, रंग लवकर वाळतो आणि चकाकी राहत नाही. मग बिनवासाच्या व्हाइट स्पिरिटमध्ये गढूळ पाण्याइतकं पातळ करा. बारीक ब्रशचं टोक पॅनेलच्या खाचेला एकाच जागी टेकवा आणि हात स्थिर ठेवा. थेंब स्वतःच खाचेतून पळत सुटतो, कोपऱ्याला वळतो, रिव्हेटभोवती गोल फिरतो. ओढायचं काहीच नसतं. पळत नसेल तर एकतर वॉश जाड आहे किंवा ग्लॉस नीट लागलं नाही.

पंधरा ते तीस मिनिटांनी स्वच्छ ब्रश स्पिरिटमध्ये बुडवून टिश्यूवर जवळजवळ कोरडा करा आणि खाचेबाहेर सांडलेलं वरून खाली ओढत पुसा. आडवं पुसू नका, जे थोडंफार राहील ते ओघळासारखं दिसू दे, फुकटात काम झालं.

सावधान: प्लास्टिकच्या मॉडेलवर स्पिरिटची डबकी साचू देऊ नका, विशेषतः चाकांच्या आसाजवळ आणि चिकटवलेल्या जोडांत. रंग न लागलेल्या प्लास्टिकमध्ये ते मुरलं की प्लास्टिक ठिसूळ होऊन तडकतं. माझ्या एका गाडीची सहा चाकं अशीच एका रात्रीत गळून पडली. खिडकी उघडी ठेवा, ब्रश तोंडात घालून टोक करायची सवय असेल तर ती इथे सोडा, आणि ऑइल लागलेल्या चिंध्या गोळा करून कोंबून ठेवू नका, जवसाच्या तेलाने त्या आपोआप तापून पेटू शकतात. पसरून वाळवा.

## ८. विटणं आणि ओघळ

ऑइल बाहेर काढलेलंच आहे तर याच बैठकीत हेही उरका. सपाट भागावर टूथपिकने पांढरा, पिवळा ऑकर, तपकिरी, थोडा निळा असे अगदी बारीक ठिपके द्या, एका पॅनेलवर पाच-सहा, मग स्पिरिटने जेमतेम ओलसर केलेल्या चपट्या ब्रशने वरून खाली ओढत ते विरघळवा, इतके की ठिपका म्हणून एकही दिसणार नाही. उरते ती रंगाची जराशी हलणारी छटा, ऊन-पावसाने विटलेल्या पत्र्यासारखी. वरच्या आडव्या भागांवर ओढायचं नाही, टोचत टोचत पसरवायचं, कारण आडव्या पत्र्यावरून पाणी ओघळत नाही, तिथे साचतं.

ओघळ काढायला रिव्हेट, बिजागरी किंवा टवका यापैकी काहीतरी उगम हवा. उगमापासून खाली ऑइलची केसासारखी रेघ मारा, पाच मिनिटं थांबा, मग ओलसर ब्रशने तिच्या दोन्ही बाजूंनी वरून खाली घासून ती बारीक करत न्या. वर ठळक, खाली अस्पष्ट. सगळे ओघळ एकाच लांबीचे आणि एकाच अंतरावर असले की कंगवा फिरवल्यासारखं दिसतं, म्हणून काही लांब, काही अर्ध्यात तुटलेले, काही ठिकाणी नाहीच.

तपासा: मॉडेल टेबलावर जसं उभं राहणार तसं ठेवून बघा. हातात आडवं धरून ओघळ काढले की ते तिरके जातात आणि ते फोटोतच कळतं.

## ९. गंज, पण मोजून

गंजाचे रंग तीन धरा. जुना गंज गडद चॉकलेटी, मधला विटकरी, ताजा केशरी, आणि केशरीचं प्रमाण सगळ्यात कमी. गडद चॉकलेटीवर स्पंजने विटकरी आणि त्यावर अगदी दोन-चार ठिपके केशरी. लोक उलट करतात, सगळीकडे केशरी फासतात, मग ते संत्र्याच्या सालीसारखं दिसतं.

सायलेन्सर हा गंजाचा हक्काचा भाग, तिथे मन मोकळं करा. तोंडाशी काळं पिगमेंट लावून काजळी दाखवा. ट्रॅकचं (चाकांवरून फिरणाऱ्या लोखंडी पट्ट्यांचं) मात्र वेगळं आहे. चालत्या गाडीचे ट्रॅक केशरी नसतात, जमिनीला घासणारा भाग घासून चकचकीत होतो, खाचांत माती भरते, आणि उरलेला भाग काळपट तपकिरी. केशरी ट्रॅक म्हणजे गाडी महिनोन्‌महिने उभी आहे. तसंच दाखवायचं असेल तर हरकत नाही, मग वरची धूळही जुनी दाखवा.

ऑइलचं सगळं काम झालं की दोन-तीन दिवस हात लावू नका. मग मॅट वार्निश.

सावधान: हवा दमट असेल तर मॅट स्प्रे मारू नका. बाहेर पाऊस चालू असताना मी एकदा अख्खी तुकडी फवारली आणि सगळ्यांवर पांढरी बुरशी चढल्यासारखं झालं. असं झालंच तर कोरड्या दिवशी वरून ग्लॉसचा एक थर द्या, बऱ्याचदा पांढरेपणा जातो, मग परत पातळ मॅट.

## १०. धूळ आणि चिखल, सगळ्यात शेवटी

पहिला नियम, मॉडेलवरचा चिखल आणि त्याच्या पायाखालच्या बेसवरचा चिखल एकाच डबीतला. वाळवंटी बेसवर काळ्या मातीने माखलेले बूट ही इतकी सर्रास चूक आहे की मी आता बेस आधी रंगवतो आणि तेच मिश्रण बुटांना लावतो.

धुळीसाठी पिगमेंटची पूड कोरड्या मऊ ब्रशने खाचांत आणि आडव्या भागांवर टाका, मग फिक्सरने (पूड धरून ठेवणाऱ्या द्रवाने) किंवा व्हाइट स्पिरिटने भरलेला ब्रश शेजारी टेकवून द्रव पसरू द्या. पुडीवर ब्रश फिरवला की झालं, सगळी एका कडेला गोळा होते. ओलं असताना ते भयानक गडद दिसतं, घाबरून पुसू नका, वाळलं की फिकं होतं. पूड उडते, नाकाला मास्क लावा. फिक्सरऐवजी आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरणार असाल तर अजिबात घासू नका, ते अॅक्रिलिक रंग उचलतं.

चिखल थरांनी. आधी जुना वाळलेला, फिका, पिगमेंट आणि अॅक्रिलिक मीडियम मिसळून दाटसर, थोडी बारीक वाळू घालून, चाकांच्या मध्ये आणि खालच्या भागात. मग त्याहून गडद आणि कमी जागेत. शेवटी थोड्याच ठिकाणी ग्लॉस मिसळून ओला. शिंतोडे उडवायचे असतील तर कडक ब्रश पातळ मिश्रणात बुडवून टूथपिकने त्याचे केस मागे खेचून सोडा, पण आधी कागदावर चार वेळा, आणि जिथे नको तिथे मास्किंग टेप. शिंतोडे चाकांच्या मागच्या बाजूला जास्त, वर जाताना विरळ. टरेटच्या टोकापर्यंत चिखल गेलाय म्हणजे गाडी उलटली होती.

पायदळाला एवढं सगळं करायला जाऊ नका. बूट, अंगरख्याची खालची कड, एक गुडघा, बस. चेहऱ्यावर धूळ टाकली की भाव मरतात आणि इतका वेळ घालवलेले डोळे दिसेनासे होतात. चामड्याच्या पट्ट्यांच्या कडांना फिक्या तपकिरीच्या दोन-तीन रेघा मारल्या की पट्टा वर्षभर वापरलेला वाटतो.

## ११. शेवटचा हात

हे मॅट वार्निशनंतरच, नाहीतर चमक मरते. मऊ पेन्सिलीचं शिसं हॅचच्या कडांवर आणि ट्रॅकच्या टोकांवर बोटाने घासा, खऱ्या घासलेल्या लोखंडासारखी खोल चकाकी येते जी चंदेरी रंगाला जमत नाही. इंधनाच्या टाकीच्या झाकणापाशी तपकिरी ऑइल आणि ग्लॉस वार्निश मिसळून एक छोटा डाग आणि त्यातून एक ओघळ. एकच. दोन टाक्या असतील तरी एकीवरच.

मॉडेल खेळायला वापरणार असाल तर पिगमेंट हाताने पुसलं जाणार हे धरून चाला, आणि वरून वार्निश मारलं तर ते निम्मं दिसेनासं होणार हेही. म्हणून खेळायच्या मॉडेलला टप्पा ९ मध्ये मॅटच्या आधी ग्लॉसचा एक थर जास्त द्या, ग्लॉस मॅटपेक्षा टणक असतं, आणि धुळीला पूड न वापरता पातळ केलेला फिका अॅक्रिलिक रंग वापरा. कपाटात ठेवायचं असेल तर पूड खुशाल वापरा, फक्त उचलताना बेसला धरा.

वापरलेले रंग आणि त्यांचं प्रमाण बेसच्या खाली बारीक पेनाने लिहून ठेवा, सहा महिन्यांनी त्याच तुकडीत आणखी पाच सैनिक येतात आणि तो चिखल कशाकशाचा बनवला होता हे कधीच आठवत नाही.